मी परत घेतलेली साक्ष

"हार्ट में आवाज है," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी स्टेथोस्कोप कानांतून काढून गळ्यात टाकला.

मी म्हटले, "हृदयात आवाज असतोच ना?"

"होता है, बाई. धकधक होता है. इसके धकधक के बीच में फुस्स आता है. वो फुस्स नको आहे."

सन पंच्याऐंशी, पावसाचे शेवटचे दिवस. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातला एका सिंधी डॉक्टरांचा लहानसा दवाखाना. टेबलावर माझी दहा वर्षांची करुणा फ्रॉक वर करून बसली होती आणि छताच्या पंख्याकडे बघत होती. तिला काहीच वाटत नव्हते. मलाही नीट काही कळले नव्हते. आम्ही गुडघा दाखवायला आलो होतो आणि डॉक्टर हृदयाचे बोलत होते, म्हणून मला त्यांचा थोडा रागच आला होता.

तीन आठवड्यांपूर्वी तिचा घसा दुखला होता. मी मिठाच्या गुळण्या करायला लावल्या, हळद घालून दूध दिले, घसा बरा झाला. मग ताप येऊन उजवा गुडघा सुजला. दोन दिवसांनी गुडघा बरा आणि डावा घोटा सुजलेला. मग कोपर. दुखणे घर बदलत होते. शेजारणी म्हणाल्या, वाढीचे वय आहे, हाडे दुखायचीच. मलाही ते पटले, कारण पटवून घेणे सोपे होते.

डॉक्टरांनी नाव सांगितले: रुमॅटिक फीवर. घशात एक जंतू येतो. शरीर त्याच्याशी लढते आणि त्या लढाईत चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर हल्ला करते. सांधे बरे होतात. झडपा नेहमी बऱ्या होत नाहीत. त्या झडपेतून रक्त मागे गळते, त्याचा तो फुस्स आवाज. त्याला ते मर्मर म्हणतात.

माझे यजमान शांतवन अंबरनाथला मोरिवलीतल्या एका कारखान्यात बॉयलरवर होते. त्यांनी एवढेच विचारले, "व्हॉल्व्ह गळतोय?"

"थोडा," डॉक्टर म्हणाले.

मग तपासण्या. ईएसआर, म्हणजे अंगात कुठे जळजळ चालू आहे का ते दाखवणारी रक्ताची तपासणी. एएसओ टायटर, म्हणजे त्या घशातल्या जंतूशी शरीर नुकतेच लढले आहे का ते. ईसीजी, छातीचा एक्स-रे. रिपोर्टसाठी लॅबच्या बाकावर दोन दिवस. मग अ‍ॅस्पिरीनच्या इतक्या गोळ्या की करुणा म्हणायची, "मम्मी, कानात रातकिडे ओरडतात." दीड महिना अंथरूण. शाळा बंद.

आणि मग इंजेक्शन. बेन्झाथिन पेनिसिलिन, म्हणजे शरीरात बरेच दिवस टिकून राहणारे पेनिसिलिन. घशात तो जंतू पुन्हा येऊ नये म्हणून. दर एकवीस दिवसांनी एक, ती पंचवीस वर्षांची होईपर्यंत. दुधासारखे पांढरे, घट्ट औषध असते ते, आणि सुई जाड. करुणा इतकी किंचाळायची की बाहेरचे पेशंट उठून उभे राहायचे. दोन दिवस लंगडायची.

आसपासचे दवाखाने हे इंजेक्शन द्यायला तयारच नव्हते. पेनिसिलिनची रिअ‍ॅक्शन आली तर माणूस पाच-दहा मिनिटांत जाऊ शकतो. आमचे डॉक्टर द्यायचे, पण दर वेळी आधी टेस्ट डोस. हाताच्या आतल्या बाजूला कातडीत थेंबभर औषध टोचायचे, त्याभोवती बॉलपेनने वर्तुळ काढायचे आणि अर्धा तास बाकावर बसवायचे. वर्तुळात गांधी उठली की इंजेक्शन रद्द. शेजारी एका ट्रेमध्ये अ‍ॅड्रिनालीन भरलेली सिरिंज झाकून ठेवलेली, रिअ‍ॅक्शन आलीच तर लगेच टोचायला.

पहिल्याच वेळी मी विचारले, "तुम्हाला भीती वाटते का हो?"

"लगता है ना," ते म्हणाले. "हर बार लगता है."

डॉक्टर असून भितो, हे मला गमतीचे वाटले. मी ते लक्षात ठेवले.

आमचे देऊळ बदलापूरला. आम्ही मराठी ख्रिस्ती लोक चर्चला देऊळ म्हणतो. पत्र्याचे छप्पर, चाळीसेक घरांची मंडळी. बहुतेक नगर-जालन्याकडून कारखान्यांच्या नोकऱ्यांसाठी आलेली, आणि अलीकडे बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यांवरची चार-पाच घरे. पाळकसाहेब म्हातारे होते, त्यांच्याकडे दोन गावे असायची, म्हणून ते एका रविवारी इथे आणि एका रविवारी तिथे. बाकी सगळा कारभार पंचांचा, आणि पंचांमध्ये दाविदभाऊ म्हणतील ते.

आमच्याकडे दुसरे गीत झाले की उपदेशाच्या आधी साक्ष असते. देवाने आपल्यासाठी काय केले ते कोणीही उभे राहून सांगायचे. बायकांनी डोक्यावर पदर घेऊन. मंडळी "आमेन" म्हणते आणि ती साक्ष मग सगळ्यांची होते, घरोघरी सांगितली जाते. साक्ष देण्याची पद्धत आहे. परत घेण्याची नाही. निदान मी तरी तोवर कधी पाहिली नव्हती.

शहाऐंशीच्या डिसेंबरात उज्जीवन सभा, म्हणजे मंडळीचा विश्वास जागवायच्या सभा, झाल्या. बाहेरगावचे एक प्रचारक आले होते. तीन दिवस माइक, झांजा, ढोलकी. विषय एकच, देवाचे भय. आता तो विषय माझ्या अंगात लहानपणापासून मुरलेला. आई नगरला चुलीपुढे बसून म्हणायची, देव बघतोय हं, आणि तिच्या हातात फुंकणी असायची. देव आणि फुंकणी मला वेगळे करता येत नव्हते. प्रचारक म्हणाले, जो देवाला भितो तो रोगाला भीत नाही आणि सुईलाही भीत नाही. एका हातात देवाचे भय आणि दुसऱ्या हातात डॉक्टरचे, असे दोन भयांचे चालत नाही, देव अर्धे घेत नाही. मग त्यांनी करुणाच्या डोक्यावर हात ठेवला आणि हिचे हृदय नवे झाले असे सांगितले. सगळे देऊळ रडले. मी सगळ्यांत जास्त.

दाविदभाऊ दुसऱ्या दिवशी घरी आले. "साक्ष द्या, सुमनताई. साक्ष दिली नाही तर बरेपण टिकत नाही."

रविवारी मी उभी राहिले. म्हटले, माझ्या मुलीच्या हृदयात आवाज होता, तो प्रभूने बंद केला. आता इंजेक्शन बंद. आणि हशा मिळावा म्हणून वर हेही म्हटले की तो डॉक्टर तर स्वतःच भितो, भिणाऱ्याच्या हाती लेकरू का द्यायचे? लोक हसले. जोरात आमेन झाले. चारचौघांत बोलता येत नाही म्हणून मला लहानपणी कोणी विचारत नसे, आणि इथे सगळे देऊळ माझ्या तोंडाकडे बघत होते. मला फार बरे वाटले होते, ते लपवण्यात अर्थ नाही.

आणि आणखी एक खरे. मला तिची किंकाळी नको झाली होती. दर एकवीस दिवसांनी माझेच लेकरू मी दाबून धरायचे, हे नको झाले होते. इंजेक्शन नाही म्हटल्यावर करुणा घरभर नाचली. त्या नाचाला मी देवाचे नाव दिले.

शांतवन घरी आल्यावर म्हणाले, "सुमन, बॉयलर नीट चालतोय म्हणून कुणी सेफ्टी व्हॉल्व्ह काढून ठेवत नाही."

"तुमचा विश्वासच कमी," मी म्हटले. ते गप्प बसले. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा राग मला अजून आहे. त्यांनी भांडायला हवे होते.

आठ महिन्यांनी करुणाच्या हातून पोह्यांची बशी पडली. मी ओरडले. मग पेला पडला. मग पेन्सिल हातात राहीना, अक्षर सगळ्या पानभर पळायला लागले. शाळेत बाईंना वाटले पोर वेडावून दाखवते, त्यांनी पट्टी मारली. तिचे खांदे आपोआप उडायचे, तोंड वाकडे व्हायचे, जीभ आत-बाहेर व्हायची. मध्येच हसायची, मध्येच रडायची.

दाविदभाऊंनी बघितले आणि जागेवर सांगून टाकले. "हे आजाराचं नाही. बाहेरचं आहे. साक्ष दिलेल्या घरात देवाचं भय कमी पडलं की शत्रू शिरतो."

तीन शुक्रवार उपास-प्रार्थना झाली आमच्या खोलीत. सात-आठ माणसे तिच्याभोवती. हात उडू नयेत म्हणून ते धरून ठेवायचे, आणि धरले की ते जास्त उडायचे. ती माझ्याकडे बघून म्हणायची, "मम्मी, मी करत नाहीये. आपोआप होतंय." मी तिला म्हटले, प्रार्थना कर. दुसरे काही म्हटले नाही.

मी तिला डॉक्टरकडे का नेले नाही? कोणी अडवले नव्हते, दार उघडे होते, रिक्षा कोपऱ्यावर होती. नेले नाही, कारण मी साक्ष दिली होती. दवाखान्याच्या पायरीवर मंडळीतल्या कोणी बघितले असते तर सुमनताई खोट्या पडल्या असत्या. मी देवाला भीत होते असे मला वाटत होते. मी देवळातल्या दुसऱ्या बाकावरच्या तीन बायकांना भीत होते. हे लिहिताना आजही स्वतःच्या मुस्काटात द्यावीशी वाटते.

तिसऱ्या शुक्रवारी शांतवन पहिली पाळी संपवून तेलकट कपड्यांतच आत आले. चपलाही काढल्या नाहीत. त्यांनी त्या सगळ्या हातांमधून करुणाला उचलली.

"आता बास," ते म्हणाले.

दाविदभाऊ उठले. "शांतवन, देवाला भ्या जरा."

"भितो म्हणूनच नेतो," ते म्हणाले आणि पोरीला घेऊन कोपऱ्यावरच्या रिक्षात बसले. मी मागून धावले.

डॉक्टरांनी आपली दोन बोटे करुणाच्या मुठीत दिली आणि घट्ट धर म्हणाले. तिची मूठ दाबायची, सुटायची, दाबायची, दूध काढल्यासारखी. त्यांनी लगेच सांगितले, कोरिया. हा त्याच रुमॅटिक फीवरचा एक प्रकार. मेंदूच्या एका भागाला सूज येते आणि हातपाय आपोआप उडतात. औषधाने आणि वेळाने जातो. मुलींमध्ये जास्त दिसतो. यात बाहेरचे काही नाही.

मग त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"फुस्स वाढला," ते म्हणाले. "इंजेक्शन कहाँ लेते थे?"

"गावाला होतो आम्ही," मी म्हटले. "तिकडे मिळालं नाही."

शांतवननी माझ्याकडे बघितले. पुन्हा गप्प.

मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात सात आठवडे काढले. दोन खाटांच्या मध्ये चटई टाकून मी झोपायची. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. तेव्हा त्यासाठी नंबर लावावा लागे. आमचा नंबर अकराव्या दिवशी आला. टीव्हीसारख्या पडद्यावर काळ्या-पांढऱ्या रेषा हलत होत्या. तरुण डॉक्टरीणबाईंनी बोट ठेवून दाखवले, "ही मायट्रल झडप. हिचा पडदा जाड झालाय, पूर्ण मिटत नाही. इंजेक्शन चालू असतं तर हा दुसरा अटॅक बहुतेक आलाच नसता." त्या रागाने बोलल्या नव्हत्या. त्यांना माझ्यासारख्या दिवसाला पाच आया भेटत असतील.

दाविदभाऊ मोसंबी घेऊन भेटायला आले. खाटेपाशी उभे राहून म्हणाले, "ताई, परमेश्वर ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिस्त लावतो."

"कुणाला शिस्त लावली?" मी विचारले. "चूक माझी, साक्ष माझी. झडप हिची का?"

ते म्हणाले, देवाला प्रश्न विचारायचे नसतात, भय धरायचे असते. मी मोसंबीची पिशवी त्यांच्या हातात परत दिली. शेजारच्या खाटेवरच्या बाईने तोंडाला पदर लावला.

त्यानंतर मला आला तो राग मी कधी कोणाला नीट सांगितलेला नाही, इथे सांगते. आमच्या चाळीत एक माणूस दारू पिऊन बायकोच्या चुकीसाठी पोराला मारायचा. आम्ही सगळ्या बायकांनी जाऊन त्याच्या हातातला पट्टा हिसकावून घेतला होता. आणि रविवारी डोक्यावर पदर घेऊन मी तसल्याच बापापुढे थरथरत होते? त्याला भ्यायचे, म्हणजे तो कधी मारील याचा नेम नाही म्हणून? शास्त्रात एका पानावर देवाला भ्या म्हणून आहे आणि दुसऱ्या पानावर भिऊ नका. मला दोन्ही पाने शिकवली, पण दोन्हींचा मेळ कसा घालायचा हे एकाही उपदेशात कोणी सांगितले नाही. सात आठवडे मी प्रार्थना केली नाही. केली असती तर शिव्याच दिल्या असत्या. आज वाटते, दिल्या असत्या तरी चालले असते.

कोरिया गेला. हात थांबले, अक्षर ओळीवर आले. झडप तशीच राहिली. जिना चढताना तिला मध्ये थांबावे लागे.

हॉस्पिटलातून सुटल्यावर पुन्हा आमच्या डॉक्टरांकडे इंजेक्शन सुरू केले. मध्ये बराच खंड पडला होता म्हणून ते जास्तच काळजीत होते. टेस्ट डोस दिला, वर्तुळ काढले, ट्रे जवळ ओढला आणि स्वतःच स्टूल घेऊन तिच्याशेजारी बसले. बाहेर पेशंट खोळंबले होते, कोणी तरी दार वाजवत होते.

मी म्हटले, "डॉक्टर, इतकी वर्षं देताय. अजून भीती वाटते?"

ते वर्तुळाकडे बघत म्हणाले, "डर है, इसलिए ट्रे है, बाई. जिस दिन डर गया, उस दिन मैं बोलूँगा, छोड़ो, आज ट्रे की क्या जरूरत. उसी दिन किसी की बच्ची मरेगी." मग माझ्याकडे बघितले. "डरपोक तो वो है जो इंजेक्शनच देत नाही."

मला भीतीची एकच जात माहीत होती, फुंकणीची. समोर हा माणूस भीत होता आणि पळून जात नव्हता. भीत होता म्हणूनच जागेवरून हलत नव्हता. त्याला शिक्षा होईल म्हणून नव्हे. त्याच्या हातात दुसऱ्याचे लेकरू होते म्हणून.

मग ते म्हणाले, "तुमी बदलापूर के चर्च में जाते ना? उधर की एक बाई थी मेरे पास. सगुणाबाई, धरण के पाडे की. उसकी बच्ची को भी यही इंजेक्शन चालू था. चार महीने से आई नहीं. मैंने आदमी भेजा तो बोली, चर्च में एक लड़की बिना इंजेक्शन ठीक हो गई. बोली, वो डॉक्टर तो खुद डरता है." ते थोडे हसले. "वो लड़की की माँ मिले तो बोलना, मेरे को आके मिले. मैं डाँटूँगा नहीं."

मी करुणाच्या हातावरच्या निळ्या वर्तुळाकडे बघत राहिले. सगुणाबाईला मी ओळखत होते. शेवटच्या बाकावर बसायची, सोनी नावाची पोर मांडीवर घेऊन. माझी साक्ष तिने पाड्यावर नेली होती, आणि मी सात आठवडे हॉस्पिटलात होते ते मंडळीत "गावाला गेल्या" म्हणून सांगितले गेले होते. दाविदभाऊंनी सांगितले होते, आणि मी ते खोडले नव्हते. डॉक्टरांना आणि मंडळीला, दोन्हीकडे गावच.

"डॉक्टरकाका," करुणा म्हणाली, "ती मुलगी मीच."

मग मी सगळे सांगितले. संपल्यावर त्यांनी घड्याळ बघितले, वर्तुळावर बोट फिरवून बघितले, इंजेक्शन दिले. करुणा किंचाळली. कापूस दाबून धरत ते म्हणाले, "मेरे को बोल दिया, ठीक है. उसको कौन बोलेगा?"

पाड्यावर जाऊन सगुणाबाईला एकटीला चार शब्दांत सांगून येता आले असते. शांतवन तेच म्हणाले, आपण दोघे जाऊन येऊ. पण साक्ष मी देवळात दिली होती. ती आणखी किती घरांत गेली होती ते मला माहीत नव्हते. पुढच्या रविवारी पाळकसाहेब येणार होते.

दुसरे गीत संपले. मी पदर घेऊन उभी राहिले. समोरच्या बाकाची पाठ घट्ट धरली.

"उज्जीवन सभांनंतर मी इथं साक्ष दिली होती," मी म्हटले. "ती मी परत घेते."

मी पुढे म्हटले, "करुणा बरी झाली नव्हती. इंजेक्शन बंद केल्यामुळं तिला पुन्हा आजार आला आणि तिच्या हृदयाची झडप कायमची बिघडली. आम्ही गावाला नव्हतो. हॉस्पिटलात होतो."

दाविदभाऊंनी खणखणीत आवाजात गीत सुरू केले. पेटीवाल्याने सूर धरला. माझा आवाज त्यात बुडाला आणि मी थांबले. मला वाटले, संपले. तेवढ्यात पाळकसाहेबांनी हात वर केला. ते नुसता हात वर धरून उभे राहिले, गीत बंद पडेपर्यंत.

"बोला, सुमनबाई," ते म्हणाले.

"देवाच्या नावानं मी जे बोलले ते खरं की खोटं मला ठाऊक नव्हतं," मी म्हटले. "मला वाहवा हवी होती. देवाचं भय असतं तर त्याचं नाव घालून असलं बोलायला जीभ उचलली नसती. त्या डॉक्टरला मी हसले. माझ्या पोरीच्या बाबतीत देवाला जर कोणी भीत असेल तर तो एक हिंदू डॉक्टर आणि हिचा बाप. ज्यांनी माझं ऐकून औषध बंद केलं त्यांनी ते उद्या सुरू करा. माझी चूक झाली."

आमेन झाले नाही. मी खाली बसले. उपदेश काय झाला ते मला आठवत नाही.

बाहेर चपला घालताना सगुणाबाई समोर आली. सोनी तिच्या कडेवर होती. आठ वर्षांची पोर कडेवर का, ते मला विचारावे लागले नाही.

"मं तू आधी खोटं का बोललीस?" तिने विचारले. "ही आता विहिरीपोत गेली तरी धापते. मना काय ठाव? तू शिकलेली बाय, तू बोललीस म्हणून मी आयकलं."

क्षमा कर असे तिला म्हणायचे मला धाडस झाले नाही, कारण लगेच क्षमा मिळवून घरी जायचे हीसुद्धा मला सवयच लागली होती. मी म्हटले, "उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल."

"चल," ती म्हणाली. रागातच.

सोनीची धाप औषधांनी हळूहळू उतरली; तिच्या हृदयाचे नुकसान करुणाइतके झाले नव्हते. खंड चार महिन्यांवर थांबला म्हणून वाचलो. हे श्रेय माझे नाही, त्या डॉक्टरांनी आदमी पाठवला नसता तर चार महिन्यांची चार वर्षे झाली असती.

ज्यांच्या घरी हे दुखणे आहे त्यांच्यासाठी लिहिते. मुलाचा घसा दुखून गेल्यावर सांधे सुजले, सूज एका सांध्यातून दुसऱ्यात गेली, तर वाढीचे वय म्हणून सोडू नका. हात आपोआप उडायला लागले तर धरून ठेवू नका, डॉक्टरकडे न्या. इंजेक्शन चुकवू नका, बरे वाटत असतानाही नाही. प्रार्थना जरूर करा. मीही पुन्हा करते. पण प्रार्थनेच्या नावाने कोणी इंजेक्शन बंद करायला सांगितले तर त्या माणसाला विचारा, तुम्ही भिता का? तो नाही म्हणाला तर लेकरू घेऊन निघा.

दाविदभाऊ अजून पंच आहेत. त्यांनी माझी माफी मागितलेली नाही आणि मी वाट बघत नाही. सलाम करते, पुढे जाते. आमचा राग आहे तिथेच आहे, आणि पाळकसाहेब जाण्याआधी मला म्हणाले होते की तो असू दे, फक्त रागाला साक्ष देऊ देऊ नका.

करुणा आता एकवीस वर्षांची आहे. दर वर्षी इको होते, पुढे कधी ऑपरेशन लागेल असे सांगितले आहे. अंबरनाथला आनंदनगरच्या एका कारखान्यात ऑफिसात काम करते. दर एकवीस दिवसांनी अर्धी रजा. सोनी आणि सगुणाबाई पाड्यावरून येतात, आम्ही चौघी दवाखान्याच्या त्याच बाकावर बसतो. सगुणाबाई माझ्याशी बोलायला लागली त्याला दोन वर्षे लागली.

मागच्या महिन्यात डॉक्टर आजारी होते. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर बसला होता, घाईत. त्याने करुणाचा कागद बघितला, सिरिंज भरली आणि म्हणाला, "इतनी बार लिया है, टेस्ट की क्या जरूरत? कुछ नहीं होता."

करुणाने बाही वर करून हात टेबलावर ठेवला आणि पर्समधून बॉलपेन काढून त्याच्यापुढे धरले.

"आधी टेस्ट," ती म्हणाली. "मग वर्तुळ."

"आन् ट्रे," सगुणाबाई बाकावरून म्हणाली. "ट्रे आना आधी."

तो आमच्या चौघींकडे बघत राहिला. मग उठला आणि ट्रे आणायला आत गेला. आम्ही अर्धा तास बसलो.